सोसायटीतला अंधार कायमचा घालवा!

तुमच्याकडे रात्री अजून अंधार वगैरे पडतो? कमाल आहे. पुण्यात आमच्या भागातला हा मागासलेपणा गेल्या दिवाळीपासून संपलाय. शेजारच्या सोसायटीने पार्किंगसाठी १०० वॅटचा एलईडी हॅलोजन बसवला आणि पार्किंग सोडून बाकी सगळं उजळून निघालं, म्हणजे मुख्यतः आमची तिसऱ्या मजल्यावरची बेडरूम. रात्री दोनला लाइट न लावता मी गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी डेट वाचू शकतो. एवढी सोय फुकटात कोण करून देतं हो? ज्यांच्या नशिबात हे सुख अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी या काही टिप्स.

लाइट घेताना दुकानदाराला एकच विचारायचं, "याच्यापेक्षा मोठा आहे का?" जागा केवढी, खांब किती उंच, असले प्रश्न कंजूष लोक विचारतात. १०० वॅटचा एलईडी साधारण १०,००० ल्युमेन उजेड देतो, आपला जुना ६० चा पिवळा बल्ब ७००-८०० द्यायचा. म्हणजे चार-दोन स्कूटर आणि एका बंद पडलेल्या मारुतीसाठी डझनभर बल्ब. खरं तर कमीच आहेत.

रंग पांढराफटकच हवा, ६५०० केल्विनचा. पिवळसर ३००० वाला चुकूनही घेऊ नका, त्यात निळा प्रकाश कमी असतो, मग मेंदूला उगाच संशय येतो की रात्र झाली बहुतेक, मेलाटोनिन म्हणजे झोपेचं हार्मोन तयार व्हायला लागतं आणि माणूस चक्क झोपतो. शिवाय निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे तुमच्या मेंटेनन्सच्या पैशातून वरच्या ढगांचीही सोय होते.

टायमर किंवा मोशन सेन्सर लावू नका, लाइट बंद झाला तर लोक काय म्हणतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अँगल. लाइटचं तोंड जमिनीकडे कधीही करायचं नाही. जमिनीवर काय आहे बघण्यासारखं? सरळ समोर ठेवायचं, जमल्यास थोडं वरच. आमच्या शेजाऱ्यांनी तसंच केलंय. मी त्यांच्या सेक्रेटरी काकांना जाऊन भेटलो, अगदी हात जोडून म्हटलं की काका, लाइट काढू नका, फक्त जरा खाली वाकवता येईल का. काका म्हणाले, "सिक्युरिटीसाठी आहे." संपला विषय! सिक्युरिटी म्हटलं की पुढे बोलायचंच नसतं. बरं, सिक्युरिटी तर सिक्युरिटी, तिचं तरी काय झालंय बघा, डोळ्यात थेट उजेड आला की बाहुली बारीक होते आणि शेजारची सावली होती त्यापेक्षा काळी दिसायला लागते, त्या सावलीत चोर काय, बँडबाजासकट वरात उभी राहिली तरी कळणार नाही. त्यांचे वॉचमन मामा रात्रभर गेटकडे पाठ करून बसतात कारण गेटकडे बघितलं की डोळे दिपतात, सीसीटीव्हीत त्या कोपऱ्यात नुसता पांढरा गोळा दिसतो, आणि गाड्यांमधलं पेट्रोल जायचं ते जातंच आहे. हे सगळं काकांना सांगितलं तर म्हणे, "मग तुम्ही पडदे लावा ना." म्हणजे मे महिन्यात आम्ही खिडक्या लावून, जाड पडदे ओढून, घामाघूम होऊन पडायचं, कारण तुमच्या स्कूटरला अंधाराची भीती वाटते? आणि पडद्याचे पैसे कोण देणार, तुमची कमिटी?

असो. चिडायचं नाही, टिप्स द्यायच्यात.

झाड दिसलं की बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाइटच्या माळा गुंडाळा, पक्ष्यांना रात्री झोपायची वाईट सवय असते. (मुंबईत हे प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं होतं, पण आपण कशाला मनावर घ्या.)

वाढदिवसाचा एलईडी बोर्ड वाढदिवस होऊन गेल्यावरही चालू ठेवा, पुढच्या वर्षी परत लावायचा त्रास वाचतो.

तक्रारीची काळजी नको. आवाजाला निदान २००० सालचे नियम आहेत, रात्री दहानंतर स्पीकर लागला तर पोलिसांना फोन तरी करता येतो. उजेडाचं काय? "साहेब, समोरच्यांचा लाइट चालू आहे" असं सांगून बघा एकदा. पलीकडून येणारी शांतता ऐकण्यासारखी असते.

मुलांनी तारे बघायचा हट्ट केला तर मोबाइलवर अ‍ॅप आहे. ज्या पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सगळ्यात जुनी संस्था, त्याच पुण्यात आज गच्चीवर जाऊन आकाशगंगा दाखवा म्हटलं तर गाडी काढून गावाबाहेर लांब पळावं लागतं. आणि गंमत म्हणजे हीच हॅलोजनवाली मंडळी जूनमध्ये पैसे भरून भंडारदऱ्याला काजवे बघायला जातात! अंधार बघायला दोनशे किलोमीटर! तिथे पोचल्यावर गाडीचे हेडलाइट चालूच, मोबाइलचे टॉर्च झाडावर, वर पुन्हा "यंदा काजवे कमी आहेत हो." कमीच असणार, मादीला नराचं लुकलुकणं दिसायला नको का तुमच्या टॉर्चपुढे?

आता उपरोध बिपरोध पुरे, माझं डोकं दुखतंय. पेंच जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं जंगल झालं, आपल्या नागपूरजवळचं पेंच. तिथल्या वाघोली (पुण्यातल्या नगर रोडची नव्हे), सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून जमिनीकडे तोंड करणारे केले. जंगलाच्या कडेला राहणारी माणसं आहेत ती, रात्री दारात काय येऊन उभं राहील याची त्यांची भीती तुमच्या पेट्रोलचोरापेक्षा मोठी आहे. त्यांना कळलं की उजेड पायाखाली पाहिजे. तुम्हाला नाही कळत? इंजिनिअर भरलेत सोसायटीत, परदेशात मुलं आहेत, एजीएमला तासभर लिफ्टच्या टाइल्सवर भांडता, आणि एक दिवा कुठे बघतोय हे कुणाला दिसत नाही? समोर लहान बाळ असलेलं घर आहे, नाइट शिफ्ट करून आलेली माणसं आहेत, आजारी आजी आहेत, त्यांच्या डोळ्यात रात्रभर टॉर्च मारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? कुणी माणूस रोज तुमच्या खिडकीत टॉर्च मारत उभा राहिला तर पोलीस बोलवाल ना? मग?

एक पैसा खर्च नाही. ब्रॅकेटचे दोन बोल्ट ढिले करायचे, लाइट खाली वाकवायचा, परत घट्ट करायचे. पाना नसेल तर मी घेऊन येतो, स्टूल पण आणतो. पण आज करा. पुढच्या एजीएममध्ये ठराव मांडतो म्हणाल तर याद राखा.