सगळ्यांची थकबाकी शून्य, मग टँकरवाल्याचे पैसे कुठून द्यायचे?

कोथरूडमधली सोसायटी, मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर जँगोवर, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर. या आठवड्यात नवा रिपोर्ट लाइव्ह झाला आणि थकबाकीची यादी थेट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. जवळजवळ प्रत्येक फ्लॅटपुढे शून्य. काहींपुढे काहीच नाही, नुसती कोरी जागा. आणि एका सद्गृहस्थांपुढे उणे १०,५००, म्हणजे सोसायटीच त्यांचं देणं लागते! खजिनदार काका बँकेतून निवृत्त, वही आणि कॅल्क्युलेटरवाले. त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं की आकडे चुकलेत. डेव्हलपर मंडळी मात्र "डेटा एंट्रीत घोळ असेल" यावर ठाम.

घोळ डेटात नाही हो. घोळ त्या एका ॲनोटेटमध्ये (यादीतल्या प्रत्येक फ्लॅटला हिशोब जोडणाऱ्या जँगोच्या मेथडमध्ये) आहे. फ्लॅटच्या क्वेरीसेटवर (डेटाबेसकडून मागवलेल्या यादीवर), एकाच ॲनोटेटमध्ये, दोन सम, म्हणजे बेरजा: एक बिलांच्या रकमेचा, एक पावत्यांच्या रकमेचा. वजाबाकी केली की थकबाकी. वाचायला किती गोड! ज्याने कोड रिव्ह्यूमध्ये 'छान, नीटनेटकं' असं लिहून अंगठा दाखवला, त्याने खाली तयार होणारं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रत्यक्ष जाणारी क्वेरी, एकदा तरी छापून बघितलं होतं का? क्वेरीसेटच्या डॉट क्वेरीला स्ट्रिंग करून प्रिंट करायला एक ओळ लागते. एक.

खाली काय होतं? बिलांशी एक लेफ्ट जॉईन (फ्लॅटच्या टेबलाला बिलांचं टेबल जोडणं), पावत्यांशी दुसरा लेफ्ट जॉईन, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एका फ्लॅटची ३,५०० ची ३ बिलं आणि ३,५०० च्या २ पावत्या. खरी बाकी ३,५००. जॉईननंतर रो, म्हणजे ओळी, होतात ६. प्रत्येक बिल दोनदा मोजलं जातं, बेरीज २१,०००. प्रत्येक पावती तीनदा, बेरीज २१,०००. बाकी शून्य. आणि यातली खरी मेख बघा: मेंटेनन्स दरमहा सारखाच असतो, लोक भरतातही तेवढाच. त्यामुळे बिलं किती आणि पावत्या किती याला काही अर्थच उरत नाही. दोन्हीकडे तोच गुणाकार, तीच बेरीज. ज्याने वर्षात एकदा जरी पैसे भरले असतील त्याची बाकी कायम शून्य. ज्याने एक दमडी भरली नाही त्याच्या पावत्यांची बेरीज नल, म्हणजे किंमतच नाही, आणि काहीही वजा नल म्हणजे नल. ती कोरी जागा म्हणजे खरे थकबाकीदार. उणे १०,५०० वाल्या सद्गृहस्थांनी ३ बिलांपैकी दोन बिलांचे ७,००० एकरकमी भरलेले. पावती एक, बिलं तीन, म्हणून जमा २१,०००. व्यवस्थित वागणाऱ्या माणसाची अशी वरात.

टेस्ट होत्या बरं का! हिरव्यागार. प्रत्येक टेस्टमध्ये एक फ्लॅट, एक बिल, एक पावती. एक गुणिले एक बरोबर एक. अशी टेस्ट शंभर वर्षं पास होत राहील. एका बाजूला किमान दोन, दुसऱ्या बाजूला किमान तीन, आणि रकमा मुद्दाम वेगवेगळ्या, एवढा फिक्श्चर (टेस्टचा नमुना डेटा) नसेल तर बेरजेची टेस्ट लिहूच नका, वीज वाचेल.

मग आला तो प्रसिद्ध उपाय. 'डिस्टिंक्ट ट्रू लावा.' म्हणजे सारख्या किमती एकदाच मोजा. लावला! काउंटला ते चालतं, कारण तिथे प्रायमरी की (प्रत्येक रोची स्वतंत्र ओळख) मोजतो आपण. सममध्ये डिस्टिंक्ट म्हणजे वेगवेगळ्या *रकमांची* बेरीज. ३,५०० ची बारा बिलं असली तरी डिस्टिंक्ट रक्कम एकच, बेरीज ३,५००. जमाही ३,५००. बाकी पुन्हा शून्य. म्हणजे दुरुस्तीनंतरही शून्यांची यादी तश्शीच दिसली, आणि "बघा, शून्यं बदलली नाहीत म्हणजे आधीचंच बरोबर होतं" असं म्हणायची हिंमत झाली लोकांची. डिस्टिंक्ट बघितलं की माझं डोकंच सटकतं. दहातल्या नऊ वेळा तो जॉईन कळला नसल्याचा कबुलीजबाब असतो.

आणि हे काही गुपित नाही. जँगोच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये स्वतंत्र मथळ्याखाली लिहिलंय: एकापेक्षा जास्त ॲग्रिगेशन एका ॲनोटेटमध्ये घातली तर उत्तर चुकेल, कारण सबक्वेरीऐवजी (क्वेरीच्या आतल्या वेगळ्या क्वेरीऐवजी) जॉईन वापरले जातात. त्या बगचं तिकीट क्रमांक १००६०, नोंद २००९ सालची. चुकेल हे माहीत आहे, तर एक्सेप्शन फेका ना! साधी वॉर्निंग तरी द्या. पैशाची चुकीची बेरीज गुपचूप हातात ठेवायची आणि वर 'आम्ही लिहिलं होतं' म्हणायचं.

बरोबर पद्धत सरळ आहे, फक्त दिसायला कुरूप. बिलांच्या मॉडेलवर फिल्टरमध्ये फ्लॅट बरोबर आउटररेफ पीके (बाहेरच्या क्वेरीतल्या फ्लॅटची प्रायमरी की), मग रिकामा ऑर्डर बाय, मग व्हॅल्यूज फ्लॅट, मग ॲनोटेट सम, मग फक्त त्या बेरजेचं व्हॅल्यूज. हे सगळं सबक्वेरीत गुंडाळा. पावत्यांचं तसंच दुसरं. यात ॲनोटेटच्या जागी ॲग्रिगेट लिहिलंत तर क्वेरी जागीच पळायला जाते आणि बाहेरच्या क्वेरीचा संदर्भ आहे म्हणून व्हॅल्यूएरर. तो रिकामा ऑर्डर बाय का? जँगो ३.१ च्या आधी मॉडेलच्या मेटामधलं ऑर्डरिंग गुपचूप ग्रुप बायमध्ये (बेरजेसाठी गट पाडणाऱ्या भागात) शिरायचं. आता ते थांबलं, पण मॉडेलच्या मॅनेजरने (क्वेरीसेट देणाऱ्या क्लासने) लावलेलं ऑर्डर बाय अजूनही शिरतंच. आणि कोअलेस (नल आलं तर दुसरी किंमत देणारं फंक्शन) सबक्वेरीच्या *बाहेर*. सममध्ये ४.० पासून डिफॉल्ट देता येतो, पण एकही पावती नसेल तर ग्रुपच तयार होत नाही, आतून रोच येत नाही, तो डिफॉल्ट कुणाला लागणार? बाहेर कोअलेस लावून त्यात नुसता शून्य टाकलात तर डेसिमल आणि इंटिजर मिसळले म्हणून फील्डएरर, म्हणून आउटपुट फील्ड सांगा. एवढं सगळं कशासाठी, तर ज्याला एसक्यूएलमध्ये दोन छोट्या ग्रुप बाय क्वेरी आणि दोन लेफ्ट जॉईन लागतात त्यासाठी. सोसायटीत फ्लॅट असतात किती? दोन वेगळ्या क्वेरी मारा, दोन डिक्शनऱ्या करा, पायथनमध्ये वजाबाकी करा, कुणी फाशी देणार नाही.

आता तोंड उघडलंच आहे तर बाकीचेही ऐका. दोन फिल्टर एकापुढे एक लावले काय आणि एकाच फिल्टरमध्ये दोन अटी लिहिल्या काय, सारखंच, असं मानणाऱ्यांचा एक पंथच आहे. पलीकडे अनेक रो असलेल्या नात्यावर ते सारखं नसतं. एकत्र लिहिलं तर दोन्ही अटी *त्याच* बिलाला लागतात. सुटं लिहिलं तर दोन वेगळे जॉईन, 'एक बिल मार्चचं आणि कुठलंतरी दुसरं न भरलेलं' असलेले फ्लॅटही येतात, वर डुप्लिकेट. मग परत तेच डिस्टिंक्ट!

प्रीफेच करून (नात्यातला डेटा आधीच एकदम आणून) टेम्प्लेटपर्यंत शिस्तीत आणायचं आणि मग मॉडेलच्या प्रॉपर्टीत त्याच नात्यावर फिल्टर लावायचा. प्रीफेचचा माल तसाच पडून, प्रत्येक फ्लॅटमागे नवी क्वेरी. प्रीफेच ऑब्जेक्टला क्वेरीसेट आणि टू ॲट्रिब्यूट देता येतात, ते कशासाठी ठेवलेत? अपडेटने आणि बल्क क्रिएटने सेव्ह बोलावलं जात नाही, प्री-सेव्ह आणि पोस्ट-सेव्ह सिग्नल सुटत नाहीत. अपडेटने ऑटो नाऊची (सेव्ह करताना आपोआप पडणारी) तारीखही बदलत नाही, पण सगळं ऑडिट लॉग पोस्ट-सेव्हवर उभं. नुसतं सेव्ह केलं की सगळे कॉलम लिहिले जातात, शेजारच्या रिक्वेस्टने आत्ताच बदललेलाही जुन्या किमतीने. अपडेट फील्ड्स (फक्त सांगितलेले कॉलम लिहिणं) आणि एफ एक्स्प्रेशन (डेटाबेसमधल्या चालू किमतीवरच हिशोब) काय शोभेला आहेत?

आणि मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइली! फील्डचं नाव बदललं की मेकमायग्रेशन्स विचारतं, नाव बदललंय का? उत्तराचा डिफॉल्ट 'नाही'. घाईत एंटर दाबलं की जुना कॉलम ड्रॉप, नवा रिकामा. ती फाइल न वाचता प्रॉडक्शनवर मायग्रेट मारणारे हिंजवडीच्या सिग्नलला उभे असलेल्या गाड्यांइतके निघतील.

"मग एसक्यूएलअल्केमी घ्या, ती समजूतदार आहे." आहेच. जँगोच्या मॉडेलांसारखाच तोही ओआरएम, म्हणजे टेबलांचे पायथन ऑब्जेक्ट करणारा दुवा. पण तिथेही डिफॉल्ट लेझी लोड (गरज पडेल तेव्हा गुपचूप क्वेरी). कमिट झाला की सगळे ऑब्जेक्ट एक्स्पायर, सेशन बंद करून टेम्प्लेटला दिले की डिटॅच्ड इन्स्टन्स एरर. असिंकमध्ये तीच चूक केली की मिसिंग ग्रीनलेट, ज्याचा मेसेज वाचून कुणालाही काहीही बोध होत नाही. डेटाबेस कनेक्शनचा पूल ५ चा, वर १० ओव्हरफ्लो, ३० सेकंद वाट आणि मग टाइमआउट. तेव्हा लोक सेशन कुठे बंद व्हायचं राहिलं ते न शोधता पूलच ५० करतात. तरी एक गोष्ट मान्य: रिलेशनशिपवर लेझी बरोबर रेझ लिहिता येतं. न सांगता क्वेरी मारायला गेलं की तिथेच आपटतं. असं हवं. ओरडणारं हवं.

यावर कुणीतरी ताठ मानेने म्हणणारच, ओआरएम हवाच कशाला, हाताने एसक्यूएल लिहा. लिहा की. सुरुवात अगदी स्वच्छ होते. मग शोधाच्या फॉर्ममध्ये पाच ऐच्छिक रकाने येतात, म्हणून व्हेअरचे तुकडे लिस्टमध्ये जमवून जोडणारं एक फंक्शन. मग टपलचं ऑब्जेक्ट करणारा एक क्लास. मग 'सेव्ह' नावाची मेथड. काही महिन्यांनी यूटिल्स नावाच्या फाइलमध्ये एक ओआरएम उभा असतो, टेस्ट नाहीत, डॉक्युमेंटेशन नाही, चूक मथळा देऊन लिहून ठेवणारंही कुणी नाही. ओआरएमला शिव्या घालणारे झाडून सगळे तिथेच पोहोचतात. आणि एवढा शंख करून या लेखकाच्या पुढच्या प्रोजेक्टची पहिली ओळ काय असेल? पिप इन्स्टॉल जँगो. ॲडमिन फुकट मिळतं ना!

पण म्हणून टाइमझोनला सोडणार नाही. जँगोची स्टार्टप्रोजेक्ट कमांड सेटिंगमध्ये यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची वेळ) टाकून देते आणि पुण्यात बसलेला माणूस ते तसंच ठेवतो. १ एप्रिलच्या पहाटे २ वाजता कुणी यूपीआयने मेंटेनन्स भरला, तर यूटीसीत ते ३१ मार्चचे रात्रीचे साडेआठ. डेट लुकअपने (तारखेच्या फिल्टरने) काढलेल्या रिपोर्टमध्ये पावती गेल्या आर्थिक वर्षात. रोज पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक पावती आदल्या दिवशी जमा, आणि काकांची वही परत जुळत नाही. बरं, सेटिंग एशिया कोलकाता केलं, तर मायएसक्यूएलवर नवीनच तमाशा: सर्व्हरवर टाइमझोनची टेबलं भरलेली नसतील तर वेळ बदलून देणारं कन्व्हर्ट टीझेड फंक्शन नल देतं, डेटची अट कुठल्याच रोला लागत नाही, आणि रिपोर्ट एकदम रिकामा. एरर? छे. ती टेबलं भरायला मायएसक्यूएल टीझेडइन्फो टू एसक्यूएल नावाची कमांड चालवावी लागते, त्याला सिस्टिम डेटाबेसवर लिहायचे हक्क लागतात, आणि ते हक्क ज्याच्याकडे आहेत तो माणूस म्हणतो, "आधी तिकीट टाका."