मक्तेदारी मोडली कोणी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इटलीतल्या टीव्हीच्या इतिहासावरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याचा आनंद वाटला. आपला आक्षेप असा : 'राय' ही सार्वजनिक प्रसारणसंस्था एका पक्षाच्या दावणीला बांधलेली असताना मी तिचं कौतुक करतो, आणि तिची मक्तेदारी मोडून प्रेक्षकाला निवड देणाऱ्या खासगी वाहिन्यांच्या मालकाला, म्हणजे उद्योगपती (आणि पुढे पंतप्रधान झालेल्या) सिल्व्हिओ बर्लुस्कोनींना मात्र श्रेय देत नाही.

राय सत्ताधाऱ्यांच्या मुठीत होती, हे मला पूर्ण मान्य आहे. 3 जानेवारी 1954 ला नियमित प्रसारण सुरू झालं तेव्हापासून तिच्यावर ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाची पकड होती. 1962 मध्ये दारिओ फो आणि फ्रांका रामे या नाटककार-अभिनेत्या दाम्पत्याने रायवरच्या कार्यक्रमासाठी बांधकाम मजुरांच्या जिवाला असलेल्या धोक्यावर प्रहसन लिहिलं, वरून कात्री लागली आणि दोघंही कार्यक्रम सोडून बाहेर पडले. पुढे कित्येक वर्षं ते रायच्या पडद्यावर दिसले नाहीत. पण याच रायवर 1960 पासून 1968 पर्यंत अल्बेर्तो मांझी नावाचा एक शिक्षक संध्याकाळी मोठ्या कागदावर कोळशाने चित्रं काढत निरक्षर प्रौढांना अक्षरओळख करून देत होता. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्यांच्यासाठी गावोगावी सामूहिक केंद्रं उघडली होती. लाखो लोक त्यातून लिहायला-वाचायला शिकले. या कामाचं मी कौतुक केलं आणि यापुढेही करीन. सेन्सॉरशिप वाईट होती, म्हणून हे काम खोटं ठरत नाही.

आता मुख्य मुद्दा. मक्तेदारीला पहिलं खिंडार पाडलं ते बिएल्ला या छोट्या शहरात 1971 च्या सुमारास सुरू झालेल्या केबल वाहिनीने. सरकार ती बंद करायला निघताच प्रकरण न्यायालयात गेलं. 1974 मध्ये घटनात्मक न्यायालयाने स्थानिक केबलला मोकळीक दिली आणि 1976 च्या निकालाने स्थानिक पातळीवर अँटेनावरून प्रसारण करण्याचीही वाट खुली केली. देशभर शेकडो छोटी केंद्रं उभी राहिली. प्रेक्षकाला निवड मिळाली ती इथे, आणि ती न्यायालयाने दिली.

न्यायालयाने परवानगी दिली होती ती फक्त स्थानिक प्रसारणाला. देशव्यापी खासगी वाहिन्यांसाठी संसदेने कायदा करायचा होता. तो व्हायला 1990 उजाडलं. या मधल्या पोकळीतच सगळा खेळ झाला. एकाच कार्यक्रमाच्या टेप गावोगावच्या केंद्रांवर पोचवायच्या आणि ठरलेल्या वेळी सगळीकडे एकदम लावायच्या. कागदावर स्थानिक, प्रत्यक्षात देशव्यापी. बर्लुस्कोनींची 'कानाले 5' अशीच उभी राहिली. प्रकाशन व्यवसायातल्या दोन घराण्यांनी काढलेल्या 'इतालिया 1' आणि 'रेते 4' या प्रतिस्पर्धी वाहिन्याही 1984 पर्यंत बर्लुस्कोनींनी विकत घेतल्या. म्हणजे खासगी क्षेत्रात स्पर्धा सुरू झाली होती, आणि तीही त्यांनी गिळली. राय जाहिरातींना फार तोलूनमापून वेळ द्यायची, त्यामुळे ताटकळलेल्या मध्यम कंपन्यांना त्यांनी दार उघडून दिलं. ही त्यांची व्यावसायिक हुशारी मी नाकारत नाही.

ऑक्टोबर 1984 मध्ये तुरिन, रोम आणि पेस्कारा इथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी हे देशव्यापी प्रसारण बेकायदा ठरवून रोखलं. चारच दिवसांत पंतप्रधान क्राक्सींनी वटहुकूम काढून ते पुन्हा सुरू केलं. संसदेने तो फेटाळला, तर डिसेंबरात दुसरा वटहुकूम आला. ज्याच्या एका अडचणीसाठी पंतप्रधान दोनदा वटहुकूम काढतात, त्याला मक्तेदारीविरुद्ध लढणारा एकटा शिलेदार कसं म्हणावं? 1990 च्या कायद्याने तीनही वाहिन्या बर्लुस्कोनींकडेच राहिल्या. त्याच्या निषेधार्थ पाच मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्यांतले एक, सेर्जो मात्तारेल्ला, 2015 मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

जून 1995 च्या सार्वमतात लोकांनीच एका मालकाच्या वाहिन्यांवर मर्यादा घालायला नकार दिला, हे आपण लिहिलंत. खरं आहे, आणि आपल्या प्रतिक्रियेतला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. पण त्या मतदानाआधी याच वाहिन्यांवरून 'नाही' म्हणा असा प्रचार धडाक्याने चालला होता. ज्या ताकदीबद्दल कौल घ्यायचा तीच ताकद कौल मागत होती. मतदारांचा निर्णय मी मान्य करतो, तो मोकळ्या मैदानात झाला असं मात्र म्हणू शकत नाही.

स्पर्धेचं काय झालं हे पाहायचं असेल तर 'एउरोपा 7' चं प्रकरण पाहा. 1999 मध्ये या वाहिनीला देशव्यापी प्रसारणाचा रीतसर परवाना मिळाला, पण फ्रिक्वेन्सी मिळाल्या नाहीत. जुन्या वाहिन्यांनी त्या अडवलेल्या होत्या आणि त्यांना मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. 2012 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने इटलीला दोषी धरून या कंपनीला 1 कोटी युरो भरपाई द्यायला लावली. आपल्या प्रतिक्रियेत या वाहिनीचा उल्लेख नाही. तो निकाल जरूर वाचा. त्यानंतरही आपलं मत कायम राहिलं, तर कारणांसह इथेच लिहा, मला ते वाचायचं आहे.