अशी ही बनवाबनवी आणि आमचं पत्र्याचं थिएटर

'अशी ही बनवाबनवी'वरचा लेख आवडला, पण जुने विनोदी सिनेमे आता मोबाईलवर निवांत बघता येतात, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. हा सिनेमा १९८८चा. आमच्या मालवणकडे नवीन पिक्चर उशिराच यायचे, तोवर मुंबईचे चाकरमानी येऊन अर्धी गोष्ट सांगूनही गेलेले असायचे. तरी गर्दी मावायची नाही.

थिएटरला पत्र्याचं छप्पर. पावसाची सर आली की पडद्यावरचं एक अक्षर ऐकू यायचं नाही. मग ज्यांनी आधी बघितलाय ते मोठ्याने संवाद म्हणायचे आणि मागच्या रांगा त्यावर हसायच्या! बोटी किनाऱ्याला लागलेल्या असायच्या, त्यामुळे खलाशी पुढच्या बाकांवर ठाण मांडून. लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून आला तेव्हा माझी आजी पदर तोंडात धरून इतकी हसली की शेजारच्या काकीने तिची पाठ चोळली. ते हसू एकट्याने स्क्रीनवर बघताना येत नाही, येणारही नाही.

एक तक्रार मात्र आहे. सुधीर जोशींना लेखात एकच ओळ? विश्वास सरपोतदार हा घरमालक ते किती गंभीरपणे रंगवतात बघा. हसवायचा जराही प्रयत्न नाही, माणूस खरोखर चिडलाय, म्हणून तर अशोक सराफांची प्रत्येक थाप रंगते. सुधीर जोशींवर स्वतंत्र लेख लिहाच, मनापासून विनंती.