सोमवारी जरा बोलायचंय

शुक्रवारी संध्याकाळी सहा बेचाळीसला साहेबांचा मेसेज आला. "सोमवारी जरा बोलायचंय." मी तत्परतेने विचारलं, "कशाबद्दल सर?" दोन्ही टिक निळ्या झाल्या आणि साहेब अंतर्धान पावले.

अशा वेळी शहाणा माणूस मोबाईल उलटा ठेवून झोपतो. मी भाष्यकारांना फोन लावला.

भाष्यकार म्हणजे आमच्या अकाउंट्समधले ज्येष्ठ सहकारी. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. साहेबांच्या एका ओळीवर ते पाऊण तास बोलू शकतात, आणि ऑफिसात कुणाला काही कळेनासं झालं की सगळे त्यांच्याकडेच जातात. साहेबांकडे कुणी जात नाही.

"शेवटी टिंब आहे?" त्यांचा पहिला प्रश्न.

"आहे."

"अरेरे. मोबाईलवर टिंब मुद्दाम द्यावं लागतं हो. बरं, 'जरा' कुठे आहे? 'जरा सोमवारी' की 'सोमवारी जरा'?"

"सोमवारी जरा बोलायचंय."

पलीकडे कागदाचा आवाज आला. गृहस्थ चक्क लिहून घेत होते!

"म्हणजे वार पक्का आहे. 'जरा' बोलण्याला लागलंय. मागे एकाला 'जरा' आलं होतं, त्याची बदली झाली. एकाला 'थोडं' आलं होतं, त्याला बढती मिळाली."

"आणि नुसतंच 'बोलायचंय' आलेला?"

"तो आता आपला साहेब आहे."

मी घाम पुसला. मग त्यांनी माझ्या मागच्या रिपोर्टला काय उत्तर आलं होतं ते विचारलं. नुसता अंगठा आला होता. "जोडलेले हात नाहीत ना? मग घाबरू नका. हात जोडले की माणूस संपला. झोपा निवांत." मी खरंच झोपलो असतो. पण साडेअकराला त्यांचाच फोन आला. "एक राहिलं. ऑफिस सुटतं साडेसहाला. मेसेज सहा बेचाळीसला. म्हणजे बारा मिनिटं ते विचार करत होते."

शनिवार-रविवार मी वर्षभराचे ईमेल उपसले. कुणाच्याही लक्षात न आलेल्या माझ्याच तीन चुका मला सापडल्या. रविवारी रात्री दोन वाजता, झोपेचा नाद सोडून, मी ब्रिटिश-रशियन क्रिमियन युद्धातली बालाक्लावाची लढाई वाचत बसलो होतो. २५ ऑक्टोबर १८५४. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन टेकडीवर. खाली घोडदळाला त्याची चिठ्ठी आली की झपाट्याने पुढे जा आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. कुठल्या तोफा? टेकडीवरून त्याला दिसत होत्या त्या. खाली घोडदळाच्या प्रमुखाला, लॉर्ड लुकनला, त्या दिसतच नव्हत्या. त्याने चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलनला विचारलं, तर नोलनने दरीच्या दिशेने हात उडवला आणि त्याच अर्थाचं काहीतरी बोलला. साधारण पावणेसातशे घोडेस्वार दरीच्या टोकाला असलेल्या भलत्याच रशियन तोफांवर चालून गेले. नोलन अगदी सुरुवातीलाच मारला गेला, त्यामुळे त्या हाताचा नेमका अर्थ काय हे नंतर विचारायचीही सोय उरली नाही. रॅग्लनचं काही चुकलं असं त्याला तेव्हा वाटलं नसणार. त्याच्या डोळ्यांपुढे सगळं स्वच्छ होतं! टेकडीवर बसलेल्या माणसाला आपलं वाक्य अर्धवट आहे हे कळत नाही, कारण उरलेलं अर्धं त्याला समोर दिसत असतं.

सोमवारी दहाला मी केबिनमध्ये गेलो. त्या दाराला आपोआप मिटणारी स्प्रिंग आहे. "माझं दार सगळ्यांसाठी उघडं असतं" असं साहेब दर मीटिंगला सांगतात आणि तेवढ्यात ते दार त्यांच्या मागे हळूच 'फुस्स' करून लागतं.

"हं, बोला," साहेब म्हणाले.

आता काय सांगू? दोन रात्रींचं जागरण, समोर साहेब, आणि "बोला." मी बोललो. तीनपैकी दोन चुका कबूल करून टाकल्या. तिसरीला हात घालणार तोच ते म्हणाले, "पण तुम्ही आलात कशासाठी?"

"सर, तुमचाच मेसेज होता."

त्यांनी मोबाईल काढला, स्वतःचाच मेसेज शोधला, चष्मा वर करून वाचला. मग पुन्हा वाचला. "हो की. काहीतरी होतं खरं," ते म्हणाले. "आठवलं की सांगतो. आणि त्या दोन गोष्टींचं लेखी द्या. असा मोकळा संवाद हवा टीममध्ये."

मला राग विसरण्याचा नाही, माणूस विसरतो. पण "प्रवासाच्या बिलाबद्दल" किंवा "नव्या कामाबद्दल" असे दोन शब्द त्या ओळीत घातले असते तर त्यांची फार तर पाच सेकंद गेली असती. माझे दोन दिवस गेले, वर लेखी खुलासा. आणि हे मी त्यांना सांगू शकत नाही, कारण सांगायला गेलो की ते म्हणणार, "मग तुम्ही फोन करून विचारायचं होतंत." लेखी विचारलं होतं हो! टिक निळ्या झाल्या होत्या!

संध्याकाळी लिफ्टपाशी भाष्यकार वाट बघत उभे होते. सगळं ऐकून घेतलं. खिशातून कागद काढला, पेनचं टोपण काढलं.

"नेमके शब्द सांगा. 'आठवलं की सांगतो' म्हणाले, की 'आठवलं तर'?"