रस्त्यावरून मतपेटीपर्यंत

जनता रस्त्यावर उतरली की हुकूमशहा पळतो, हे एका लेखातलं विधान मला पटलं नाही. चिलीचं बघा. १९८३ पासून तिथे मोर्चे निघत होते, माणसं मरत होती, पण लष्करी हुकूमशहा पिनोशे जागचा हलला नाही. शेवटी त्याच्याच १९८० च्या राज्यघटनेतल्या सार्वमताने त्याला हरवलं; त्याने सत्तेवर राहावं का, ‘हो’ की ‘नाही’, एवढाच त्यात प्रश्न होता. विरोधकांना वाटत होतं, हा सापळा आहे, भाग घेतला तर त्याच्या घटनेला मान्यता दिल्यासारखं होईल. तरी ते उतरले. दारोदार फिरून लोकांची मतदार म्हणून नोंदणी केली, कारण जुन्या याद्या लष्कराने १९७३ मध्ये सत्ता बळकावल्यानंतर नष्ट केल्या होत्या. टीव्हीवर रात्री उशिरा पंधरा मिनिटं मिळायची, तीही वापरली. ५ ऑक्टोबर १९८८ ला ‘नाही’च्या बाजूने सुमारे ५६ टक्के मतं पडली. सरकार निकाल दाबून बसलं होतं, तेव्हा हवाई दलप्रमुख मात्तेई यांनी राष्ट्रपती भवनात शिरताना पत्रकारांना सांगून टाकलं, ‘नाही’ जिंकलंय. तो क्षण मला मोर्चांइतकाच महत्त्वाचा वाटतो. अर्थात किंमत मोजावी लागलीच. पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुख राहिला आणि निवडून न येता नेमलेले सिनेटर (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य) तर २००५ च्या घटनादुरुस्तीनंतरच गेले.