‘सगळी घरं सारखीच, कसला आलाय इतिहास?’ अमेरिकेतल्या रँच घरांबद्दलच्या एका दाव्याला उत्तर

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांमध्ये सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या उपनगरांत जी बैठी, लांबट ‘रँच’ घरं बांधली गेली, त्यांना ऐतिहासिक म्हणणं हा शुद्ध वेडेपणा आहे. साठ-सत्तर वर्षांच्या घराला कसला इतिहास? इतिहास म्हणजे आपले वाडे आणि लेणी. ही घरं एक पाहिलं की सगळी पाहिली. त्यांत कधी कुणी मोठं माणूस राहिलं नाही. शिवाय एकदा घर ‘त्या यादीत’ गेलं की मालकाला खिळाही ठोकता येत नाही, तेव्हा वेळीच पाडा आणि मोठं बांधा.

मजकूर ठसकेबाज आहे आणि वाचणाऱ्याला पटतोही. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावंसं वाटलं, कारण हे वाचून लोक खरोखर घरं पाडतात.

वयाचा मुद्दा आधी संपवू. अमेरिकेत १९६६च्या वारसा जतन कायद्याने ‘नॅशनल रजिस्टर’ ही ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. तिचा सर्वसाधारण निकष ५० वर्षांचा आहे. महत्त्व असामान्य असेल तर त्याहून तरुण वास्तूही नोंदवता येते. १९५५ साली बांधलेल्या घराने ही मर्यादा २००५ मध्येच ओलांडली. कोलोराडोतल्या एंगलवूडची ‘ॲरापाहो एकर्स’ ही वसाहत १९४९ ते १९५७ या काळात उभी राहिली आणि १९९८ मध्येच नोंदली गेली. युद्धोत्तर काळातली अशी नोंद झालेली ती पहिली निवासी वसाहत. लेण्यांशी तुलना करणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की नोंदीसाठी महत्त्व राष्ट्रीय पातळीवरचंच असावं लागत नाही. एखाद्या गावाच्या इतिहासात त्या जागेचं काही स्थान असेल तर तेही पुरतं. कार्ल्याच्या लेण्यांचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही.

आता ‘सगळी सारखीच’. दाव्यातला सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा हाच आहे आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेपही त्यालाच आहे.

घरं सारखी आहेत हे अर्धं खरं. पण ती सारखी का झाली? १९३४ मध्ये फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झालं आणि सरकार गृहकर्जाचा विमा उतरवू लागलं. १९४४च्या जीआय बिलाने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीचं कर्ज दिलं. हमी हवी तर घर ठरलेल्या मानकांत बसलं पाहिजे. म्हणून बिल्डरांनी मंजूर होईल असा आराखडा धरला आणि तोच पुन्हा पुन्हा बांधला. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाऊनमध्ये १९४७ ते १९५१ या चार वर्षांत १७,००० हून जास्त घरं झाली. सुरुवातीच्या, जास्त उताराच्या छपराच्या ‘केप कॉड’ घरांनंतर १९४९ पासून तिथेही रँच मॉडेल आलं. एकट्या १९५० साली देशात सुमारे साडेएकोणीस लाख घरांची कामं सुरू झाली. १९४० मध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास होतं, १९६० मध्ये ते ६२ टक्क्यांच्या आसपास पोचलं. बैठं घर, कमी उताराचं छप्पर, पुढे आलेल्या वळचणी, दर्शनी भागात रुंद काचेची खिडकी, जमिनीवरच ओतलेल्या काँक्रीटवर उभं बांधकाम आणि घराला जोडलेली गाडीची जागा: हा साचा त्या धोरणाचा विटा-लाकडातला पुरावा आहे. पुरावा एकसारखा आहे म्हणून तो पुरावा नाही, असं कसं म्हणता येईल?

त्याच धोरणाची दुसरी बाजू खरेदीखतांत सापडते. जुन्या उपनगरांतली खतं काढून पाहिली तर प्लॉटच्या मोजमापाशेजारी, कुंपण किती उंच असावं या अटीच्या आगेमागे, एक वाक्य येतं: गोऱ्या वंशाच्या व्यक्तीखेरीज कुणीही, घरकामाचा नोकर सोडून, इथे राहू नये. त्या काळात फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशनची स्वतःची नियमावली अशा अटींची शिफारस करत होती. १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांमार्फत त्यांची अंमलबजावणी बंद केली. नव्याने अशी अट घातलेल्या मालमत्तांना विमा नाकारायला मात्र १९५० साल उजाडलं. १९५७च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं त्याच बिल्डरने पेनसिल्व्हेनियात उभारलेल्या लेव्हिटटाऊनमध्ये राहायला आलं, तेव्हा घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली, आणि त्रास थांबवायला न्यायालयाचा आदेश आणावा लागला. शेजारच्या घरासारखंच घर होतं ते. घरं एकसारखी होती म्हणूनच तो संघर्ष इतका स्पष्ट दिसतो.

ही घरं एकेकटी तोलायची नसतात हेही दावा करणारे विसरतात. नॅशनल रजिस्टरमध्ये संपूर्ण वसाहत ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणून नोंदता येते. तिथे एखादं साधं घर स्वबळावर नाही, पण वसाहतीचा भाग म्हणून मोजलं जातं. वळणदार रस्ते, पुढची मोकळी हिरवळ, शाळा आणि उद्यान मध्यभागी ठेवणारी आखणी हे सगळं त्या मूल्यमापनात येतं.

आणि खरोखर सगळी सारखी आहेत का? औपचारिक वास्तुशिक्षण नसलेल्या क्लिफ मे यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन डिएगोमध्ये स्पॅनिश-मेक्सिकन रँचोंच्या धर्तीवर, अंगण कवेत घेणारी घरं बांधली; पुढे लाँग बीचमध्ये त्याच कल्पनेची स्वस्त, कारखान्यात भाग तयार करून जोडायची आवृत्ती आणली. जोसेफ आयकलर यांनी कॅलिफोर्नियात सुमारे ११,००० घरं बांधली आणि त्यांसाठी ‘अँशन अँड ॲलन’, ‘जोन्स अँड एमन्स’ यांसारख्या नावाजलेल्या आर्किटेक्टना नेमलं. उघडे खांब-तुळया, अंगणाकडे पूर्ण काचेची भिंत, फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या. ते कृष्णवर्णीय आणि आशियाई ग्राहकांनाही घरं विकत, आणि याच प्रश्नावर १९५८ मध्ये त्यांनी बिल्डरांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. पालो अल्टोतल्या त्यांच्या ग्रीन गेबल्स आणि ग्रीनमेडो या वसाहती २००५ मध्ये नोंदल्या गेल्या. ओहायोतल्या कोलंबसच्या लस्ट्रॉन कंपनीने तर १९४८ ते १९५० दरम्यान मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यांची सुमारे २,५०० घरं विकली. बाहेरच्या भिंती पोलादी, आतल्या पोलादी, छप्परही पोलादी. भिंतीवर चित्र लावायला लोहचुंबक वापरावं लागे. कंपनी बुडाली, पण उरलेल्या अनेक घरांची आज नोंद झालेली आहे.

‘कुणी मोठं माणूस राहिलं नाही’ या मुद्द्याला मी एकाच घराने उत्तर देतो. मिसिसिपीतलं जॅक्सन शहर, युद्धानंतर कृष्णवर्णीय मध्यमवर्गासाठी आखलेली छोटी वसाहत, आणि तिच्यातलं एक साधं रँच घर. नागरी हक्क चळवळीतले नेते मेडगर एव्हर्स पत्नी मर्ली आणि मुलांसह इथे राहत. या घराला रस्त्याकडून दार नाही. आत जायचं ते बाजूच्या कारपोर्टमधून, म्हणजे गाडी ठेवायच्या उघड्या छपरीतून. दर्शनी दाराशी उभं राहून कुणी निशाणा बनू नये म्हणून हे जाणूनबुजून केलं होतं. मुलांच्या गाद्या जमिनीवर असत, खिडकीच्या पातळीखाली. गोळीचा आवाज आला तर न्हाणीघरातल्या टबमध्ये जाऊन पडायचं, हे मुलांना शिकवलेलं होतं. १२ जून १९६३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर एव्हर्स सभेहून परतले, गाडीतून उतरले, आणि कारपोर्टकडे वळत असताना रस्त्यापलीकडून पाठीत गोळी आली. ती त्यांच्या शरीरातून पुढची खिडकी, मग आतली भिंत भेदत स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजवर आदळली. मारेकऱ्याला शिक्षा व्हायला १९९४ उजाडलं. आज हे घर राष्ट्रीय स्मारक आहे.

रँच घरात गाडीला मानाची जागा असते. माणूस गाडीतून उतरून थेट घरात शिरतो, दर्शनी दार बरेचदा नावापुरतं उरतं. एव्हर्स कुटुंबाने याच रचनेचा संरक्षणासाठी उपयोग केला आणि हल्लाही तिथेच झाला. पुढे कुणी तो कारपोर्ट भिंती घालून बंद केला असता, एक खोली वाढवली असती आणि रस्त्याकडे छानसं दार काढलं असतं, तर त्या रात्री काय घडलं हे सांगणारं घर संपलं असतं. म्हणून मूल्यमापन करणारे कारपोर्टसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे इतकं बारकाईने पाहतात.

अटलांटातली ‘कोलियर हाइट्स’ ही वसाहतही इथेच सांगायला हवी. कृष्णवर्णीयांनीच आखलेली, त्यांच्याच बिल्डरांनी बांधलेली, बहुतांश रँच आणि स्प्लिट-लेव्हल, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मजल्यांच्या, घरांची ही वसाहत २००९ मध्ये नोंदली गेली. नागरी हक्क चळवळीतले नेते राल्फ ॲबरनॅथी इथे राहत, मार्टिन ल्युथर किंग यांचे वडीलही. तिथल्या घरांची तळघरं प्रशस्त सजवलेली असत, कारण हॉटेलं आणि सभागृहं कृष्णवर्णीयांना बंद होती; लग्नं, बैठका, मेजवान्या तिथेच होत. हे वाचताना मला आपली माणसं आठवतात. १९६५च्या कायद्याने स्थलांतराची दारं उघडली, १९६८च्या कायद्याने घर विकताना वंशभेद करणं बेकायदा ठरवलं, आणि त्यानंतर आलेल्या अनेक मराठी डॉक्टर-इंजिनियर कुटुंबांनी पहिलं स्वतःचं घर घेतलं ते अशाच उपनगरांत. गणपती, नाटकाच्या तालमी, मुलांच्या मराठी शाळा हे सगळं तळघरांत आणि फॅमिली रूममध्ये झालं. त्या घरांना इतिहास नाही असं आपणच म्हणावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘खिळाही ठोकता येत नाही’ हे निव्वळ चूक आहे. नॅशनल रजिस्टरमधल्या नोंदीमुळे खासगी मालकावर स्वतःच्या पैशाने घर बदलण्याचं, अगदी पाडण्याचंही, कसलंच बंधन येत नाही. एकट्या खासगी घराच्या मालकाचा विरोध असेल तर नोंदच होत नाही; वसाहतीची नोंद रोखायला मात्र बहुसंख्य मालकांचा विरोध लागतो. बंधन येतं ते केंद्र सरकारच्या प्रकल्पांवर: सरकारी पैशाने किंवा परवान्याने रस्ता रुंद करायचा असेल तर आधी वारशावर काय परिणाम होईल हे पाहावं लागतं. नगरपालिकेची स्थानिक वारसा यादी वेगळी, तिचे नियम वेगळे आणि कधी कडकही. पण तेही बहुतेक ठिकाणी बाहेरून दिसणाऱ्या भागापुरते. दोन्ही याद्या एकच समजून भीती पसरवली जाते आहे.

दाव्यात एक गोष्ट बरोबर आहे, ती मान्य करतो: बहुसंख्य रँच घरं स्वतंत्रपणे ऐतिहासिक ठरणार नाहीत. पण हे ठरवण्यासाठीच तर मूल्यमापन असतं. ही घरं पन्नाशीला पोचली तसे महामार्गांच्या कामांत अशा शेकडो घरांचे प्रश्न एकदम आले. म्हणून जॉर्जिया राज्याने २०१० मध्ये फक्त रँच घरांसाठी मार्गदर्शिका काढली आणि २०१२ मध्ये युद्धोत्तर घरांच्या मूल्यमापनाची राष्ट्रीय पद्धत प्रसिद्ध झाली. विचारलं जातं ते असं: हे घर एखाद्या व्यापक घडामोडीशी जोडलेलं आहे का? महत्त्वाच्या व्यक्तीच्या कर्तृत्वाच्या काळाशी? रचनेचा किंवा बांधणीचा तो चांगला नमुना आहे का? त्यातून नवी माहिती मिळू शकते का? एखादं उत्तर ‘हो’ आलं तर पुढे पाहायचं, की ते महत्त्व आजही दिसतं का. त्यासाठी सात कसोट्या: स्थान, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, वातावरण आणि घटनेशी असलेला संबंध.

प्रत्यक्षात हे फार साधं असतं. पातळ, लांब विटांच्या दर्शनी भिंतीवर प्लास्टिकचं आवरण चढवलं आहे का. गॅरेजचं दार बुजवून तिथे वेगळ्या रंगाची वीट आणि छोटी खिडकी बसवली आहे का. मोठ्या काचेच्या खिडकीच्या जागी दोन अरुंद सरकत्या खिडक्या आल्या का. छपरावर दुसरा मजला चढला का. हा बदल झाला की रँच घराचं रँचपण जातं. उलट स्वयंपाकघर नवं केलं, छताचे शिंगल बदलले, तर सहसा फार बिघडत नाही.

तुमचं किंवा तुम्ही घेऊ पाहताय ते घर या काळातलं असेल, तर पाडण्याचा अर्ज भरण्याआधी काही कागद काढा. काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयात बांधकामाचं वर्ष मिळतं. नोंदणी कार्यालयात वसाहतीचा मूळ नकाशा आणि खरेदीखतांची साखळी मिळते. त्या जुन्या अटी नजरेखालून घाला. सार्वजनिक ग्रंथालयातल्या जुन्या शहर-निर्देशिकांत त्या पत्त्यावर कोण राहत होतं आणि काय काम करत होतं हे बहुतेकदा सापडतं. जुनी हवाई छायाचित्रं असतील तर वसाहत कोणत्या शेतावर उभी राहिली तेही कळतं. मग राज्याच्या वारसा कार्यालयाला विचारा, की या वसाहतीचं सर्वेक्षण झालं आहे का.