गाडीला मेण, मालकाला एसटी

तुमची गाडी शेडात उभी असते. दसऱ्याला पूजेपुरती आणि लग्नसराईत एखाद्या नवरदेवापुरती ती बाहेर निघते, बाकी वर्षभर अंगावर कव्हर घेऊन आत. अशा गाडीला वॅक्स किती वेळा लावावे, हा प्रश्न तुम्हाला छळत असेल तर आधी तुमचे अभिनंदन. कपाशीत बोंडअळी निघो, सोयाबीनवर पिवळा मोझॅक येवो, तुरीला मर लागो. ज्याची झोप बॉनेटवरच्या एका डागाने उडते, त्याचे बरे चालले आहे असे समजावे.

शास्त्र काय म्हणते ते पटकन सांगून टाकतो, कारण ते तुमच्या काही कामाचे नाही. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहून कमी. ऊन, पाऊस आणि पाखरांची शिट यांचा पहिला मार या थराऐवजी दुसऱ्याच कुणी खावा, म्हणून त्यावर वॅक्स. रोज उन्हातान्हात हिंडणाऱ्या गाडीवर नैसर्गिक वॅक्स दोन-तीन महिन्यांत उतरते, सिंथेटिक सीलंट, म्हणजे कारखान्यात बनवलेले वॅक्स, सहा महिने निघते. तुमच्या गाडीला ऊन माहीत नाही आणि पाऊस फक्त टिनावर वाजतो तेवढा ऐकू येतो. तेव्हा वर्षातून दोनदा, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा सोयाबीनच्या मळणीचे कुटार उडून बसले की, एवढे पुष्कळ झाले.

झाले उत्तर. पण हे पारावर बोलून दाखवू नका. वर्षातून दोनदा म्हणजे वर्षातल्या दोन सकाळी. मग उरलेल्या रविवारी तुम्ही काय करणार, वावरात जाणार? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की वॅक्स दर रविवारी लावावे आणि सणावाराला मधूनच एक हात जास्तीचा.

यावर एखादा शिकलेला पोरगा म्हणेल की चांगल्या वॅक्सवर परत वॅक्स लावले तर थर जाड होत नाही. नव्या डब्यातले द्रावण जुन्याला सैल करते आणि दोन्ही मिळून फडक्यावर येतात. त्याचे खरे आहे. या रविवारी तुम्ही मागच्या रविवारचेच पुसत असता. त्यात वाईट काय आहे? सरकी पेरायची, दुबार पेरायची, आणि शेवटी पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर टाकायची, हे तर आपण दरसाल करतोच.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, म्हणजे ती नीट विसरता येईल. आपल्याकडे डब्यातल्या सगळ्याच मलमाला पालिश म्हणतात. खऱ्या पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात आणि प्रत्येक हाताला ते क्लिअर कोटचा थोडा थोडा थर काढून नेतात. वॅक्स नुसते वर बसते. काही डब्यांत दोन्ही एकत्र असतात, आणि बहुतेक तोच डबा तालुक्याच्या दुकानदाराने तुम्हाला दिलेला असतो, कारण त्याने चमक लवकर येते. तो दर रविवारी चोळला तर काही वर्षांत क्लिअर कोट संपून आतला रंग उघडा पडेल. घाबरू नका. जे कमी होताना डोळ्याला दिसत नाही, त्याचा पंचनामा कोणी करायला येत नाही.

आता वॅक्स कोणते? कार्नोबाच घ्या. हे मेण ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या भागात वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवर येते. पाने कापतात, वाळवतात, झोडतात आणि मेणाची भुकटी गोळा करतात. वितळायला 80 अंशांच्या वर जावे लागते, म्हणून आपल्या मे महिन्यातही ते बॉनेटवरून ओघळत नाही. ब्राझील म्हणजे तोच देश, ज्याचे नाव आपल्या पारावर सोयाबीनचे भाव पडले की शिवी दिल्यासारखे निघते, कारण जगात सगळ्यात जास्त सोयाबीन तिथे पिकते. कापूसही ते जहाजे भरभरून विकतात. केंद्राने 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले, तेव्हा तुम्ही तहसीलवर निवेदन घेऊन गेला होतात ना? घोषणा चांगल्या दिल्या होत्या तुम्ही. परत येताना गाडीच्या सामानाच्या दुकानातून डबा घेतला, तोही बरा होता.

आणि हे मेण पुसायचे कशाने? कापसाने नाही. लांब धाग्याच्या कापसाला 2025-26 साठी क्विंटलला 8,110 रुपये हमीभाव ठरला, घरात माजघरापर्यंत कापूस भरलेला आहे, पोरांच्या अंगाला खाज सुटली आहे, पण त्या कापसाचे जुने धोतर किंवा बनियन गाडीला लावणे आता अडाणीपणाचे समजतात. त्यासाठी मायक्रोफायबरचे फडके लागते. ते पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे, म्हणजे सरळ सांगायचे तर प्लास्टिकचे. ते घ्याच. कापूसवाल्याच्या घरात निदान एक वस्तू तरी अशी असावी जिला बोंडअळी लागत नाही.

लावायची वेळ पहाटेची. पत्रा गार असताना लावले तर मेण सारखे पसरते. उन्हाळ्यात नऊ वाजले की टीन तापते, खाली गाडीही तापते, मेण लावताक्षणी वाळते आणि मग पुसता पुसता खांदा भरून येतो. पातळ लावायचे, धुरकट होऊ द्यायचे, मग उलटसुलट फडक्याने पुसायचे. पण तुम्ही लावणार साडेनऊला, कारण पहाटे गल्लीतून बघायला कोण असते?

तुमचे शेड म्हणजे मूळचा बैलांचा कोठा. गव्हाणीत आता शाम्पूच्या बाटल्या, खुंट्याला मागचे कव्हर अडकवलेले. आधी इथे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीने शेकत आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणत. वर्षभर ओढून सोललेल्या खांद्याला ते तूप होते. तुमच्या गाडीचा कोणता खांदा सोलला आहे कोण जाणे. तान्हा पोळ्यातला लाकडी बैलसुद्धा वर्षातून एकदा चाकांवर गल्लीभर फिरून येतो आणि बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारा खाऊ-पैसा, घेऊन घरी जातो; तुमची गाडी त्याच्या पंगतीत बसवायची तर आधी दोरी बांधावी लागेल.

मेण टिकून आहे की उतरले, हे ओळखायची एक साधी रीत आहे. गडवाभर पाणी बॉनेटवर टाका. थेंब गोल गोल होऊन घरंगळले तर मेण आहे. पाणी पसरून बसले तर गेले. तुम्ही ही परीक्षा रोज घ्या. बोअरचे पाणी आपल्याकडे जड, ते वाळले की पांढरे ठिपके ठेवून जाते. ते ठिपके घासायचे, घासले की मेण निघते, निघाले की परत लावायचे. कामाला तोटा नाही. मे महिन्यात टँकरपुढे बायका घागरी लावून उभ्या असतील तेव्हा दोन बादल्या घ्यायला विसरू नका. एक साबणाची, एक फडके खळबळायची. दोन बादल्यांची पद्धत शास्त्रोक्तच आहे, त्याने वाळूचे कण परत रंगावर घासले जात नाहीत. कोणी बोलले तर शास्त्राचे नाव सांगा.

कोरड्या धुळीवरून मात्र रोज सकाळी कोरडे फडके मारायचे. त्याने रंगावर गोल गोल बारीक ओरखडे पडतात, उन्हात गाडी आणली की ते चकाकतात. उन्हात गाडी आणायचीच नाही, तेव्हा हाही प्रश्न मिटला.

तुम्ही विचाराल, गाडी थोडी चालवलेली बरी नाही का? हा विचार कुठून आला तो शोधा आणि त्याला तिथेच सोडून या. हो, उभ्या गाडीची बॅटरी घड्याळ आणि लॉकपायी हळूहळू उतरते. एकाच जागी महिनोन्महिने वजन घेऊन टायरला सपाट चट्टा पडतो. टाकीतल्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढते. हँडब्रेक ओढून ठेवला तर तो धरून बसतो. हरभरा घरात आला की उंदीर येतात, आणि त्यांना दाण्यापेक्षा वायरिंगची गोडी जास्त. कुंभारीण माशी मातीची घरटी करायला एखादे बारीक भोक बघूनच ठेवते. पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणली तर यातले बरेचसे टळते. पण फिरवली तर चाकाला चिखल लागणार. चाकाचा चिखल मडगार्डाला, मडगार्डाचा दाराला. उंदराने खाल्लेले वायर निदान बाहेरून दिसत नाही.

बॅटरी बसली तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून केबल जोडा आणि इंजिन चालू झाल्याचा आवाज गावाला ऐकवून परत बंद करा.

आणि जायचे तरी कुठे? वावरातून समृद्धी महामार्ग गेला. वावर गेले, पैसे आले, पैशाची गाडी आली. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर ट्रॅक्टर चालत नाही, मोटरसायकल चालत नाही. चालते फक्त तुमच्यासारखी चारचाकी, आणि ती शेडात आहे. शिवाय रस्ता तुमच्या धुऱ्यावरून गेला म्हणून चढता येते असे नाही. चढायचा फाटा कुठल्या कुठे, तिथपर्यंत पांदण आणि खड्डे. मेणाला ते सोसणार नाही.

त्यापेक्षा एसटी. 17 मार्च 2023 पासून बाईमाणसाला अर्धे तिकीट. 75 च्या वरच्या बापाला 2022 पासून फुकट. घरातली अर्धी माणसे अर्ध्या पैशात आणि फुकटात जात असतील तर उरल्या तुमच्या एका तिकिटासाठी लाखोंची गाडी कोण मळवणार? फाट्यावर उभे राहून बसची वाट बघताना कोणी ‘गाडी काय झाली?’ विचारले तर ‘वॅक्स लावलं आहे’ म्हणायचे. उत्तर खोटे नाही आणि समोरचा पुढे काही विचारत नाही.

हेच उत्तर रात्रीही कामाला येते. दार वाजते, शेजारचा म्हातारा उभा असतो: ‘भाऊ, गाडी काढता का जी? सुनेच्या पोटात दुखून राह्यलं.’ त्याला 108 चा नंबर सांगा. फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो, तुमच्या गाडीत कुठे असतो? फोन लागेपर्यंत त्याला ओट्यावर बसू द्या, पाणी द्या. सीटवरचे प्लास्टिक तुम्ही शोरूमपासून काढलेले नाही, हे त्याला या वेळी सांगायची गरज नाही.

दसऱ्याची तेवढी काळजी घ्या. आई ताट घेऊन येणार आणि बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढणार, वर अक्षता दाबणार, चाकाखाली लिंबू. कुंकू रात्रभर राहिले तर लालसर डाग मागे राहू शकतो. मेण असले तर तो सुटतो. मेण त्यासाठीच असते, हा योगायोग समजा. आईला म्हणा, काचेवर काढ. ‘काचीवर कोनी काढते का रे?’ असे ती म्हणेल. मग बॉनेटवर वर्तमानपत्र पसरा आणि त्यावर काढू द्या. लक्ष्मी समजून घेते.

अशीच दहा वर्षे गेली की पोरगा म्हणेल, विकून टाकू. तेव्हा गिऱ्हाईक येईल, तालुक्याचा मुरलेला माणूस. तो आधी टायरच्या बाजूला खाली वाकून चार आकडे वाचेल, आठवडा आणि साल. रबर चाकांवर शोरूमचेच असेल, त्याच्यासाठी म्हातारे. मग मीटर बघेल आणि हसेल, ‘मागं केलं दिसते.’ मग बॉनेटवरून हात फिरवेल, एक डोळा मिटून कडेने बघेल आणि विचारेल, ‘येवढी कायले चमकून राह्यली जी? ठोकली होती का? पुरी रंगवलेली दिसते.’

किंमत तो अपघातातल्या गाडीची सांगेल. रागावू नका, डबे दाखवा, फडकी दाखवा, गव्हाण दाखवा. तरीही त्याला पटले नाही आणि त्याने ट्रायल मागितली, तर हात जोडून नाही म्हणा. पांदणीत कालच पाऊस झाला आहे.